सरळ दातांचा दुसरा गिअर

आमच्या गॅरेजच्या मागे कडुनिंबाखाली एक पत्र्याचा ड्रम आहे. गाडीतून काढलेला तुटका गिअर रफिकचाचा भंगारात देत नाहीत, त्या ड्रममध्ये टाकतात. भंगारवाला येतो, ड्रमकडे बघतो, चाचा मान हलवतात, तो निघून जातो. किस्सेही आमच्याकडे असेच साठले आहेत. चहा येईपर्यंत कोणीतरी ड्रममध्ये हात घालतं, एखादा गिअर वर काढतं आणि विचारतं, "हा कोणाचा होता बे?" बस, सुरू!

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली, पुण्याला जायचं नाही असं ठरवलं, आणि पांढरकवड्यात हायवेला लागून असलेल्या चाचांच्या गिअरबॉक्सच्या गॅरेजमध्ये रुजू झाले. कॉलेजातल्या मैत्रिणी अजून फोनवर विचारतात, "तू नेमकं करतेस काय?" मी म्हणते, "गिअर." पुढचं त्यांना ऐकायचं नसतं.

तुम्हाला ऐकायचं असेल तर सांगते. हे सगळे किस्से एकाच गिअरचे आहेत.

*

वसंतभाऊ राठोड पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची जीप दुसऱ्या गाडीला दोरानं बांधून आली होती. त्यांचा तांडा जंगलातल्या एका खोलगट जागी आहे. तिथून बाहेर पडायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर एक खिंड. खिंड चढली की पलीकडे डांबरी सडक, हायवे, दवाखाना, सगळं जग. तांड्यावरची माणसं या जगात वसंतभाऊंच्या जीपनं येतात.

चाचांनी गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे एका बाजूचे दात साफ गेले होते. त्यांचे तुकडे अडकून आख्खा गिअरबॉक्स जाम झाला होता.

"काय भरलं होतं गाडीत? सिमेंट?" मी विचारलं.

"बायको होती," वसंतभाऊ म्हणाले.

पावसाचे दिवस होते. सुनीतावहिनींना कळा सुरू झाल्या म्हणून ते दवाखान्यात निघाले होते. खिंडीच्या मध्यावर गिअर गेला. पुढे जाता येईना. जोर लावून गिअर कसाबसा न्यूट्रलला आणला आणि जीप उतारानं मागे सोडली. आवाज न करता जीप तांड्यावर परत आली. मूल हाती लागलं नाही.

हे सगळं त्यांनी बोनेटकडे बघत सांगितलं. मग तो तुटका गिअर उचलला. "ताई, याच्याआधी बी दोनदा गेला हा. प्रत्येक डाव नवाच टाकला. आता मले असा गिअर पाह्यजे जो तुटलाच नाई पाह्यजे. मंग बाकी काही झालं तरी चालते."

मी म्हटलं, "मग सरळ दातांचा टाकू."

चाचांनी पाना खाली ठेवला.

नेहमीच्या गिअरचे दात तिरपे असतात. ते एकमेकांत हळूच, कडेनं शिरतात, म्हणून गाडी शांत चालते. पण तिरपे असल्यामुळे ते एकमेकांना बाजूलाही ढकलतात. तो रेटा शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. बेअरिंग जुनं, ढिलं झालं की शाफ्ट सरकतो, दात नुसत्या कडेवर टेकतात, आणि एक दिवस जातात. सरळ दातांना बाजूचा रेटाच नाही. सगळा जोर चाकाकडे. कापायला सोपे, जाड ठेवता येतात. शर्यतीच्या गाड्यांमध्ये उगाच नाही वापरत! हे सगळं मी एका दमात सांगितलं. कॉलेजात परीक्षेत लिहिलेलं पहिल्यांदा कोणाच्या तरी कामाला येत होतं.

"और आवाज?" चाचा म्हणाले.

आवाज हा त्याचा तोटा. सरळ दात एकमेकांवर एकदम येऊन बसतात, आणि गिअर ओरडतो. रिव्हर्स टाकल्यावर जवळपास प्रत्येक गाडी जी कण्हते ना, तो सरळ दातांचाच आवाज. रिव्हर्सचा गिअर बहुधा असाच कापलेला असतो. मागे जायचं असतं थोडंच, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

"मतलब ये जीप सेकंड में भी रोएगी?"

"हो. पूर्ण खिंडभर."

चाचांनी वसंतभाऊंकडे पाहिलं. वसंतभाऊ म्हणाले, "रडू द्या ना चाचा. आमी कमी रडलो का?"

*

असा गिअर कापणार कोण? मी ड्रॉइंग घेऊन वणीला गेले. तिथे काळेकाकांचं मशीनचं वर्कशॉप आहे. कोळसा खाणीतल्या मशीनचे गिअर कापण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी ड्रॉइंग दूर धरून पाहिलं.

"कोणत्या पंपाचा हाये?"

"जीपचा."

काकांनी चष्मा काढला. "अवो इंजिनेर बाई, जीपमदी सरळ दात? खाणीत चालते, कारन आमच्या मशीनीत मानूस बसत नाई. हिच्यात तं मानूस बसते ना?"

"बाई बसते. दवाखान्यात जायला. म्हणून तुटायला नको."

आणि मग मी त्यांना खिंड सांगितली. काकांनी मध्येच मशीन बंद केलं. ऐकून झाल्यावर ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "दाताच्या बुडाशी कोपरा काहून ठेवला? चीर तिथूनच धरते."

"मी गोलच दाखवलाय. नीट बघा ना!"

त्यांनी पुन्हा चष्मा लावला, पाहिलं आणि हसले. "हां. दाखोला तं हाये. मंग भांडून कायले राह्यली? बस, चहा घे."

गिअर दोन कापले, एक वरचा आणि एक त्याच्या जोडीचा खालचा. भट्टीतून काढून थंड झाल्यावर काकांनी दोन्ही माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "तुटले तं मले नको सांगजो. मले झोप नाई येनार."

*

पहिली ट्रायल. चाचा गाडी चालवायला, मी शेजारी, वसंतभाऊ मागे. बसस्टँडसमोरून निघालो. जीपच्या मागेच एक केळीवाला हातगाडी लावून उभा होता. चाचांनी थेट दुसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलली. जीप जी ओरडली!

आता इथल्या प्रत्येक माणसाचा कान तयार आहे. हा आवाज आला की गाडी मागे येते. केळीवाल्यानं वळूनही पाहिलं नाही. हातगाडी उचलली आणि शहाण्या माणसासारखी झपाट्यानं जीपच्या पुढे नेली.

चाचांनी ब्रेक दाबला तोवर अर्धी केळी रस्त्यावर.

"काहून बे, अंधा है क्या?" चाचा ओरडले.

"मी आंधळा?" केळीवाला त्यांच्याहून मोठ्यानं ओरडला. "रिव्हर्सचा हॉर्न देऊन गाडी पुढं आणता, अन् मी आंधळा!"

चाचांनी खिशातून पाकीट काढलं. उरलेली केळी आम्ही विकत घेतली. पण एक सांगते, हसता हसता मी त्या दिवशी खिंडही पाहून आले. तांड्यावरच्या माणसांनी जीप पूर्ण भरली, तरी गिअर खिंड चढला. माथ्यावर वसंतभाऊंनी चाचांना गाडी थांबवायला लावली, उतरले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

*

लग्नसराईत त्याच जीपमधून एक बँड पार्टी तांड्यावरून परत निघाली होती. खिंड सुरू झाली, वसंतभाऊंनी दुसरा टाकला. मागे बसलेल्या क्लॅरिनेटवाल्यानं कान टवकारले, क्लॅरिनेट काढली, आणि गिअरच्या आवाजाला सूर जुळवला. ढोलवाल्यानं डोकं हलवायला सुरुवात केली. निम्मी खिंड गाण्यातच चढली म्हणे.

माथ्यावर वसंतभाऊंनी तिसरा टाकला. तिसरा तिरप्या दातांचा. आवाज एकदम गायब! क्लॅरिनेट एकटीच हवेत लटकली.

"अवो भाऊ," तो माणूस रडवेल्या आवाजात म्हणाला, "निदान अंतरा तरी होऊ द्यायचा!"

*

हा पुढचा किस्सा सांगताना मला अजून राग येतो.

खिंडीचा चढ छाटून कमी करावा, म्हणून वसंतभाऊंनी एका कार्यालयात अर्ज दिला होता. गिअर बसल्यावर मी त्यांच्यासोबत गेले. म्हटलं, मी शिकलेली आहे, तांत्रिक भाषेत समजावून सांगेन. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अर्जावर पेन टेकवून विचारलं, "यात लिहिलंय की वाहन चढत नाही. आता चढतं का?"

"चढतं, पण ते आम्ही गिअर..."

"चढतं ना?"

"हो, पण..."

"मग रस्त्याला काय झालं?"

सरळ दातांच्या गिअरचे फायदे-तोटे मी तोंडपाठ म्हणू शकते. हा तोटा कुठल्याच पुस्तकात नाही! एक पार्ट मजबूत केला की आख्खी व्यवस्था त्याच्यावर रेलून बसते. मी बाहेर येऊन बरंच काही बोलले. मी लढणार, वर लिहिणार, पुन्हा येणार, वगैरे. वसंतभाऊंनी मला उसाचा रस पाजला आणि ग्लास ठेवताना म्हणाले, "ताई, चूक तुमचीच हाये. तुमी लय मजबूत केला. जरासा कच्चा ठेवा लागत होता."

पुन्हा गेले, हे सांगायला हवं. अजूनही जाते.

*

सुनीतावहिनींना पुन्हा दिवस गेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, या वेळी बाळंतपण दवाखान्यातच.

सातव्या महिन्यात एका दुपारी त्यांच्या पोटात दुखू लागलं. मंदासिस्टर, म्हणजे तांड्याकडच्या उपकेंद्राच्या नर्स, जीपमध्ये सोबत बसल्या. खिंडीत त्यांनी बाळाचे ठोके ऐकायला वहिनींच्या पोटाला नळी लावली. गिअर ओरडत होता. ठोके ऐकू येईनात. त्यांनी नळी सरकवली, पुन्हा लावली, कान दाबून धरला. काही नाही. ठोके नाहीत की आवाजात हरवले, हेच कळेना.

"वसंतभाऊ, गाडी बंद करा!"

"चढावर नाई थांबवता येत सिस्टर. मागं सरकंल."

माथ्यापर्यंत सिस्टर तशाच बसून होत्या. तिसरा गिअर पडला आणि नळीतून ठोके ऐकू आले. दुखणं साधं निघालं. पण परत जाताना सिस्टर थेट गॅरेजात उतरल्या, आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तू बनवला ना गिअर? मले सांग, त्या चढावर मी काय समजू? लेकरू हाये का गेलं? मांगच्या वर्षी बी मीच बसली होती तिच्याजवळ. तेव्हा गिअर तुटला म्हणून. आता नाई तुटत तं ऐकू येत नाई!"

मी आवाज दाबायला नमदा, रबरशीट, जाड ऑइल असं काहीबाही बोलू लागले. चाचा म्हणाले, "बेटा, तिरछावाला ही डाल देते. नागपूर से असली मंगवाते."

"आणि तो तुटला तर?"

"और ये सुनने नहीं देता तो?"

चाचा आणि मी असे कधी भांडलो नव्हतो. दोघांचंही चुकत नव्हतं, हीच अडचण होती. शेवटी जीपमधून सुनीतावहिनी उतरल्या. त्या फार कमी बोलतात. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "सिस्टर, तुमाले नाई ऐकू आलं. मले कळत होतं ना. दुसरा गिअर टाकला का हे आतून लाथा मारते. पूर्ण खिंडभर मारते. तिसरा टाकला का चुप."

चाचांनी कपाळावर हात मारला. "हमारा पहिला कस्टमर, जिसने कंप्लेंट अंदर से की!"

सिस्टर हसल्या. पण ऐकायच्या त्या ऐकायच्याच होत्या. मग असं ठरलं: खिंडीच्या मध्यावर मोहाच्या झाडाखाली थोडी सपाट जागा आहे. तिथे जीप थांबवायची, इंजिन बंद करायचं, सिस्टरनी ठोके ऐकायचे, आणि पुढे निघायचं. गिअर राहिला.

*

आता शेवटचा.

थंडी पडली होती, कापूस वेचणी जोरात होती. मी तांड्यावर गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला गेले होते. नवं भरून झाल्यावर काढलेल्या ऑइलमध्ये बोट फिरवून पाहिलं. लोखंडाचा चुरा नव्हता. मला इतका आनंद झाला की ते बोट मी वसंतभाऊंना, तांड्यावरच्या पोराटोरांना, सगळ्यांना दाखवत होते. तेवढ्यात घरातून हाक आली, वहिनींना कळा सुरू झाल्या होत्या.

सिस्टर आल्या. तपासलं. म्हणाल्या, "निघा." जीपमध्ये चढलेल्या सगळ्यांना त्यांनी खाली उतरवलं. "खिंड चढायची हाये, वजन नको." मलाही उतरवलं. वसंतभाऊंच्या आईलाही. त्यांना सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. जाता जाता सिस्टर याडीला म्हणाल्या, "खिंडीच्या माथ्याअलीकडं मोकळी झाली तं मी तिले इथंच परत आणीन. ऊब इथंच भेटंल. पलीकडं गेलो तं दवाखाना."

जीप गेली. आणि मग मी एक गोष्ट पाहिली, जी मला कोणी सांगितली नव्हती. पिठाच्या चक्कीवाल्यानं दळण अर्ध्यात टाकून चक्की बंद केली. कोणीतरी टीव्ही बंद केला. वेचणीला निघालेल्या बायका डोक्यावरची ओढणी कानामागे सारून जागीच बसल्या. आख्खा तांडा खिंडीकडे कान लावून बसला.

दुसरा गिअर सुरू झाला. इतक्या लांबून तो ओरडल्यासारखा वाटत नव्हता. कोणी एका सुरात हाक मारत चाललंय असं वाटत होतं.

"हा आवाज बंद झाला का खिंड पार," शेजारची बाई मला हळूच म्हणाली. "मंग आमी कामाले लागतो."

आवाज चढत गेला. मोहाच्या झाडाशी थांबला.

ठीक आहे. सिस्टर ठोके ऐकत असतील. तेवढा वेळ गेला. मग त्याहून जास्त गेला. बायका एकमेकींकडे बघेनात. मी मनात दात मोजत होते. बुडाचा गोल, भट्टी, बेअरिंग. गिअर गेला का? माझा गिअर गेला का?

याडी उठल्या. अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं ठेवलं, पाणी ओतलं आणि काड्या सारल्या.

पाणी तापू लागलं.

मग आवाज पुन्हा आला. दुसराच गिअर, पण खालच्या पट्टीत. उतारावर गाडी गिअरमध्ये धरून आणली की तो असा बोलतो. जीप परत येत होती. गिअर शाबूत होता. मी चुलीजवळ याडींच्या बाजूला बसले.

"याडी," मी विचारलं, "पाणी कोणासाठी ठेवलं?"

त्यांनी एक काडी आत सारली. "दोन्हीले लागते, बाई. आल्याले बी, गेल्याले बी."

जीप अंगणात आली. गिअर अजून ओरडत होता, त्याच्याखाली दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. सिस्टर मागे वाकून बसलेल्या, ब्लँकेटचं गाठोडं, वहिनींचा हात. वसंतभाऊ समोर बघत होते. त्यांनी क्लच दाबला, मग चावी फिरवली.

सगळं शांत झालं. मागच्या सीटवरून एक बारीक आवाज आला. गिअरचा नव्हता.

याडींनी वर पाहिलं नाही. पातेल्यात बोट बुडवलं आणि झटकन काढून घेतलं.

"एक तांब्या थंड पाणी आण," त्या मला म्हणाल्या. "एवढं गरम नाई चालत. पोळंल त्याले."